शहरातल्या जागेच्या मोबदल्यालाही 'खंड' का म्हणावे?

अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत भूमीचा मोबदला 'खंड' या शब्दाने सांगितलेला असतो. पुण्यासारख्या शहरात आता खंडाने जमीन कोण घेतो, मग तिथे सरळ 'भाडे' का लिहू नये, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते तसे लिहिल्यास एक महत्त्वाचा भेद पुसला जाईल.

'भाडे' हा संस्कृत 'भाटक'पासून आलेला शब्द. भाडे घराचे असते, तसे रिक्षाचे आणि मांडवाच्या सामानाचेही असते. 'खंड' मात्र प्रामुख्याने जमिनीशी जोडलेला आहे: कुळाने मालकाला द्यायचा तो खंड, आणि ज्यांच्या जमिनी खाजगी साखर कारखान्यांनी खंडाने घेतल्या ते खंडकरी शेतकरी.

कोथरूडमधील दोन खोल्या आणि दौंडमधील तशाच दोन खोल्या घ्या. विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांत फारसा फरक नसतो, तरी कोथरूडचे भाडे बरेच अधिक असते. ती तफावत बांधकामाची नसून जागेची आहे, आणि अर्थशास्त्र तिलाच खंड म्हणते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये मांडले की, लागवडीखालच्या सर्वांत हलक्या जमिनीपेक्षा चांगली जमीन जितके अधिक पिकवते तितका तिचा खंड. धान्य महागल्यामुळे खंड वाढतो, खंडामुळे धान्य महागत नाही. शहरात कसाची जागा ठिकाणाने घेतली, इतकेच. हिंजवडीच्या शेतांजवळ संगणक कंपन्या आल्या तेव्हा मातीचा कस तोच होता, भाव मात्र बदलला. रस्ता किंवा मेट्रो सार्वजनिक पैशातून होते आणि तिच्यामुळे वाढलेली किंमत शेजारच्या जमीनमालकाच्या पदरात पडते. या वाढीला स्वतंत्र नाव असले, तरच तिच्यात समाजाचा वाटा किती, हे नीट विचारता येते.

पुणे जिल्ह्याने हा सिद्धांत फार पूर्वी सोसला आहे. अर्थशास्त्रज्ञ माल्थस जिथे शिकवत त्या इंग्लंडमधील हेलीबरीच्या महाविद्यालयातून आलेल्या प्रिंगल या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 1830च्या सुमारास याच सिद्धांताच्या आधारे निव्वळ उत्पन्नाच्या, म्हणजे लागवडीचा खर्च वजा जाता जे उरते त्याच्या, 55 टक्के सारा (सरकारला द्यायचा जमीन महसूल) ठरवला. हिशेब चुकले, सारा जड झाला आणि अनेकांनी जमिनी टाकल्या. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना इंदापुरापासून आकारणी नव्याने करावी लागली.

घरमालकाशी बोलताना आणि करारनाम्यात 'भाडे'च म्हणावे. अर्थशास्त्रीय लेखनात 'भूखंडाचा खंड' अशी रचना मात्र टाळावी, कारण 'भूखंड'मधील खंड म्हणजे तुकडा. तिथे 'जमिनीचा खंड' असे लिहिणे योग्य.