पोलिसांचा व्हॉट्सॲप आला, फोन घेऊन जायचं का?

प्रश्न: मी पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांमध्ये काम करते. घरं पाडतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला, तर काही दिवसांत तो 'भारतात उपलब्ध नाही' असं दिसू लागलं. आता एका अधिकाऱ्याचा व्हॉट्सॲप आलाय: सोमवारी मोबाईल आणि पासवर्ड घेऊन चौकीत या. फोनमध्ये मारहाणीच्या तक्रारी घेऊन आलेल्या बायकांची नावं-पत्ते आहेत. जाऊ का? की आधी फोन फॉरमॅट करू?

उत्तर: फॉरमॅट अजिबात करू नका, एक मेसेजही पुसू नका. पुरावा म्हणून मागता येईल अशी नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. व्हिडिओत काही गैर नव्हतं हे आपण कोर्टात सांगू शकू, पुसापुशी निस्तरणं कठीण जाईल.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय. पण म्हणून गप्प बसून राहू नका. आजच पत्र द्या: 'सहकार्याची तयारी आहे, गुन्हा नोंदवला असल्यास त्याचा क्रमांक, कलम आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की संशयित म्हणून, हे लेखी कळवावं.' पोच घ्यायला विसरू नका. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे स्त्रीला घराबाहेर हजर राहण्याची सक्ती नाही. पोलिसांनी तुमच्याकडे यायचं. संशयित म्हणून 35(3) ची रीतसर नोटीस हाती पडली, तर मात्र जायलाच हवं, वकिलाला घेऊन. ती चुकवली की अटकेला आयतं कारण मिळतं.

अजून गुन्हाच नोंदवला नसेल, तर सुप्रीम कोर्टाचा मार्च 2025 चा इम्रान प्रतापगढी निकाल तुमच्या कामाचा आहे. बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा आरोप असेल, तर पोलिसांनी सहसा आधी प्राथमिक चौकशी करावी, असं त्यात म्हटलंय.

आता फोन. फोन देणं आणि पासवर्ड देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौकीत त्या हमखास एकत्र मागितल्या जातात. नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 94 खाली लेखी आदेश देऊन पोलीस फोन मागू शकतात. पासवर्डचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही: कर्नाटक हायकोर्ट म्हणतं (2021), कोर्टाच्या आदेशाने तो मागता येतो; दिल्लीच्या विशेष सीबीआय कोर्टाने 2022 मध्ये आरोपीवर तशी सक्ती नाकारली. त्यामुळे टेबलापलीकडून नुसतं 'सांगा हो ताई' म्हटल्यावर सांगू नका. 'कोर्टाचा आदेश आणा' एवढं शांतपणे म्हणा. बोटाने किंवा चेहऱ्याने उघडणारं लॉक आजच बंद करा, कारण बोटाच्या ठशाला कायद्याचं संरक्षण फार कमी मिळतं.

फोन घेतलाच, तर पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फोन चालू होता की बंद, हे लिहून घ्या. जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण त्याच संहितेच्या कलम 105 प्रमाणे बंधनकारक आहे. फोन तुमच्यासमोर सील व्हायला हवा. आणि हॅश व्हॅल्यू मागा: डेटाची प्रत काढताना निघणारी अंक-अक्षरांची लांबलचक ओळ. आतली एक फाईल जरी बदलली, तरी ही ओळ बदलते. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात तिला जागाच ठेवलेली आहे, म्हणून 'तसलं काही आमच्याकडे नसतं' हे उत्तर ऐकून घेऊ नका; मागणी लेखी करा. पुणेकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुणे पोलिसांनी 2018 मध्ये सुरू केलेल्या एल्गार प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घुसवल्याचा अहवाल आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने 2021 मध्ये दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही, वाद अजून चालू आहे.

त्या बायकांच्या नावांसाठी शिवाजीनगर कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा: या प्रकरणाशी संबंधित तेवढाच डेटा काढावा, बाकीचा उघडू नये. अर्ज मान्य होईलच असं नाही, पण तुमची हरकत रेकॉर्डवर राहते. वकील परवडत नसेल, तर तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

व्हिडिओचं काम सावकाश चालेल. कोणत्या आदेशाने तो रोखला, हे इन्स्टाग्रामच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा. उत्तर पटलं नाही, तर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ चा, म्हणजे सरकारने मजकूर रोखण्याचा, निघाला, तर त्यामागची कारणं लेखी असावी लागतात आणि त्याला हायकोर्टात आव्हान देता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या श्रेया सिंघल निकालाने 2015 मध्येच ठरवलंय. त्यासाठी मुंबईच गाठावी लागेल. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, पण पुणे जिल्हा त्यात नाही. तोवर मूळ फाईल आणि 'उपलब्ध नाही'चा तारखेसकट स्क्रीनशॉट फोनबाहेर, दुसऱ्या ठिकाणी साठवून ठेवा.