खताच्या गोणीतला पाय

"शिबिरात फुकट कृत्रिम पाय मिळाला, पण आण्णा घालतच नाहीत. हट्टी झालेत. तुम्हीच समजावून सांगा." अशी तक्रार घेऊन कुणाचा मुलगा, कुणाची सून आमच्याकडे येतच असते. त्यातल्या एका आण्णांची ही गोष्ट. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय 58. साखरेमुळे गँगरीन झालं, डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. अडीच महिन्यांनी शिबिरात माप, तिथेच पाय, हार आणि फोटो. पुढचे सात महिने पाय दाराआड. पहिल्या भेटीत मी आण्णांना भरपूर धीर दिला, इतरांची उदाहरणं दिली. ते मान डोलावत राहिले. चूक माझीच, मी तो पाय बघितलाच नव्हता.

पुढच्या खेपेला मुलाने पाय खताच्या गोणीत घालून आणला. सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय जिथे बसतो त्या पोकळ भागात, हात घातला तर आत तीन मोजे आणि जुन्या लुगड्याची घडी. आण्णांनी पायजमा वर केला. नडगीच्या टोकाला रुपयाएवढा लालभडक चट्टा.

"काका, आधी का नाही बोललात?"

"धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं झालं असतं मॅडम. फुकट दिलंय, त्याला नावं कशी ठिवायची?"

ऑपरेशननंतर उरलेल्या पायाची सूज कित्येक महिने उतरत असते. आज घट्ट बसणारं सॉकेट नंतर ढिलं होतं, पाय आत घसरतो, हाड टेकतं, कातडी सोलते. साखर असलेल्याला ती जखम महागात पडते. म्हणजे पाय न घालण्यात आण्णांचं शहाणपणच होतं! घरच्यांनी समजूत घालण्याआधी कातडी बघावी, एवढंच मी सांगत असते.

शिबिर उठून गेलं होतं. दुरुस्तीला कुठे जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत एकदा साधन घेतलं की त्याच कारणासाठी पुन्हा तीन वर्षांनी, एवढं मुलाच्या कानावर आलं आणि त्याने नादच सोडला. सॉकेट बदलून घेणं म्हणजे नवा पाय मागणं नव्हे, हे पटवायला मला दोन भेटी लागल्या. मग जिल्ह्याच्या वर्कशॉपला माप, ट्रायल, ताबा अशा तीन खेपा. दर खेपेला दोघांचं एसटीभाडं आणि मुलाचा रोज बुडालेला. ट्रायलची तारीख नेमकी सोयाबीन काढणीत आली, महिना तसाच गेला.

एक गोष्ट मात्र वर्कशॉपात सुटणारी नव्हती. काकूंनी मायेने गुडघ्याखाली उशी ठेवली होती, महिनोन्‌महिने. गुडघा आखडला. उशी काढली, व्यायाम सुरू आहे, पण पाय अजून पुरता सरळ होत नाही.

सध्या आण्णा सकाळी दोन तास पाय घालतात. दिवसभर कधी घालणार, हा मुलाचा प्रश्न असतोच. परवा आले ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, टाच टेकली की कच्चकन वाजतंय. लिहून घ्या."