ऑलिव्हच्या पानांवर काळे डाग पडलेत, झाड तोडावं लागेल का?

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या तुमच्या नव्या घराच्या अंगणात ऑलिव्हची दोन जुनी झाडं आहेत, डागाळलेली पानं पिवळी पडून गळतायत आणि शेजारी म्हणतो तोडून टाका. नाही हो, कुऱ्हाड राहू द्या.

वर्णनावरून हा पीकॉक स्पॉट वाटतो, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. एक पान हातात घेऊन बघा. वरच्या बाजूला काळपट गोल डाग, भोवती पिवळसर कडं, अगदी मोरपिसातल्या डोळ्यासारखं. खालच्या दाट फांद्यांवर जास्त. डाग नसताना एखादी फांदीच अख्खी वाळली आणि सुकलेली पानं तिलाच चिकटून राहिली, तर मात्र ते व्हर्टिसिलियम. ती बुरशी मातीतून, मुळांवाटे शिरते. फवारून काही होत नाही.

आमची निफाडला द्राक्षबाग होती, त्यामुळे ओल्या पानावरची बुरशी लहानपणापासून ओळखीची. तुमच्याकडे पाऊस हिवाळ्यात, म्हणून पीकॉक स्पॉटची लागणही त्याच गार, ओल्या दिवसांत होते. कडक उन्हाळ्यात बुरशी झाडावरच्याच पानांत गप्प बसून राहते. तेव्हा आत्ता जुलैत फवारून पैसे घालवू नका. फळं उतरली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत, तांब्याचं बुरशीनाशक मारा. फारच ओलं वर्ष असेल तर हिवाळा सरताना आणखी एकदा. लेबलवर ऑलिव्हचं नाव आहे ना ते बघा, मात्राही तिथलीच.

आम्ही बोर्डो, म्हणजे असंच तांब्याचं बुरशीनाशक, घरीच करायचो: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. आजोबा त्यात विळ्याचं पातं बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडलाय, अजून घाला. नाहीतर पानं करपायची. दोन झाडांसाठी तुम्ही हा उद्योग करू नका, तयार मिळतं ते आणा.

माझा खरा भर छाटणीवर. मधली गर्दी काढा, वारा आरपार जाऊ द्या. पण कोरड्या दिवसांत. पावसात कापलं तर जखमेतून ऑलिव्ह नॉटचे जिवाणू शिरतात आणि फांद्यांवर गाठी येतात. लॉनच्या स्प्रिंकलरचं पाणी खालच्या फांद्यांवर उडत असेल तर त्याचं तोंड फिरवा.

डागाळलेली पानं गळणारच, रोज मोजत बसू नका. नवी पालवी स्वच्छ आली की जमलं समजा. आणि हो, झाडाखाली मोकळी जागा दिसली म्हणून तिथे वांगी-टोमॅटो लावू नका, व्हर्टिसिलियम त्यांच्यावरही पोसतो.