नवा लॅपटॉप घेण्याआधी

गोव्यातल्या डिचोलीहून आपण लिहिले आहे की दोन वर्षांच्या लॅपटॉपची काही बटणे पावसाळा लागला की चालेनाशी होतात, वीज क्षणभर गेली तरी वायफाय परत यायला पाच मिनिटे लागतात आणि फोन चाळीस टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडतो. तेव्हा हे सगळे मोडीत काढून दुप्पट किमतीचे घ्यावे का? फोंड्यात गेली अठरा वर्षे घरून हिशेबाची कामे करताना मी दोनदा असेच वैतागून नवे यंत्र आणले आणि दोन्ही वेळा पुढच्या आषाढात तेच रडगाणे ऐकले. म्हणून आधीच सांगतो, इतक्यात काही विकत घेऊ नका.

फोनचे निदान सोपे आहे. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहताना होणारा अडथळा, वाढतो, त्यामुळे कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉलसारखे जड काम सुरू होताच व्होल्टेज एकदम खाली येते आणि पडद्यावरचा आकडा काहीही असला तरी फोन स्वतःला बंद करून घेतो. अशाच कारणाने जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी केला जात असल्याचे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७मध्ये मान्य केले होते, आणि बॅटरी बदलली की तो वेग परत येत असे. तुम्हीही फक्त बॅटरी बदलून घ्या. ती फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंग त्याच क्षणी थांबवा, तिला दाबू किंवा टोचू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका.

लॅपटॉपचे दुखणे वेगळे आहे. तुमचे गाव समुद्रापासून आत असल्याने खारा वारा फारसा पोहोचत नसेल, पण ओलावा सगळीकडे सारखाच. जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो) चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतो, म्हणजे एसी लावून बावीस अंशांपर्यंत गार झालेला लॅपटॉप बाहेर काढला की थंड पाण्याच्या तांब्यावर यावेत तसे थेंब त्याच्यावर येतात, आणि ते फक्त बाहेरूनच येतात असे नाही. माझ्या लॅपटॉपचे ‘अ’चे बटण बंद पडले तेव्हा बाजारातल्या दुरुस्ती करणाऱ्याने मागचे झाकण काढून कीबोर्डला यंत्राशी जोडणारी चपटी पट्टी माझ्यासमोर धरली होती. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहावे तसा तिच्या टोकाच्या बारीक रेघांवर हिरवट कळंक चढलेला होता. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशाने तो पुसला, पट्टी सुकवून परत बसवली, आणि ज्या यंत्राला मी भंगार ठरवले होते ते पुढे चार वर्षे चालले. तेव्हापासून एसीच्या खोलीतून निघताना मी लॅपटॉप बंद पिशवीत घालतो आणि घरी आल्यावर अर्धा तास तिला हात लावत नाही. पावसाळ्यात तो रोज तासभर तरी चालू ठेवावा, कारण त्याची स्वतःची ऊब ओल घालवते. कपाटात ठेवून दिलेल्या यंत्राला चपलांसारखीच बुरशी लागते. (तांदळात पुरण्याचा उपाय कृपया करू नका. पाणी निघत नाही, पीठ मात्र चार्जिंगच्या खाचेत जाते.)

वायफायसाठी राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे की ९, तेवढे पाहून घ्यावा. वीज क्षणभर गेली की राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, वेळ जातो तो त्यातच. चार्ज करताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वायरमनकडून बोर्डाचे अर्थिंग तपासून घ्या. आपल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि अर्थिंग नसेल तर विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारा महागडा स्पाइक गार्डही अर्धा निकामीच. वळवाच्या गडगडाटात तर प्लग सरळ काढून ठेवावेत.

आता आपण न विचारलेली गोष्ट, जी मला सर्वांत महाग पडली. दोन वर्षांपूर्वी चोडणच्या फेरीबोटीत चढताना माझा फोन सिमसकट मांडवी नदीत गेला. फोटो आणि हिशेब ऑनलाइन साठवलेले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. दुपारपर्यंत त्याच नंबरचे नवे सिमही मिळाले. फसवणूक टाळण्यासाठी सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, हे मला त्या दिवशी कळले. बँक ओटीपी मागत होती, ईमेल ओटीपी मागत होता, आणि ऑनलाइन साठवणीत शिरायची किल्ली त्या ईमेलच्या आत. सगळे सुरक्षित होते आणि मी दाराबाहेर उभा होतो. ज्यांच्या विवरणपत्राची शेवटची तारीख होती त्या गृहस्थांना मी काय सांगितले ते इथे लिहीत नाही.

गुगलच्या खात्यात सुरक्षेच्या भागात ओटीपीच्या जागी चालणारे आठ आकडी दहा बॅकअप कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि त्याला फोन लागत नाही. ते कागदावर उतरवून आम्ही देवघराच्या फडताळात, घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवले आहेत. आपणही ते आजच उतरवा, कारण बॅटरी बदलायला फोन दुकानात दिलात तरी दिवसभर तो हातात नसेल. लॅपटॉपची पट्टी पुसून घ्या, चवथीपर्यंत वाट पाहा, आणि तेव्हाही बटणे रुसलेलीच असतील तर कीबोर्ड तेवढा बदला.