नोट्स ढीगभर, पण आराखडा होत नाही

प्रबंधाचे दिवस आले की नागपुरातल्या माझ्या समुपदेशन कक्षात एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं: "मॅडम, नोट्स ढीगभर आहेत, पण सुरुवात कुठून करू?"

इतिहासात एम.ए. करणारी एक मुलगी (ओळख बदलली आहे) अशीच आली. विषय एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात सुरू केलेली कापड गिरणी. प्रत्येक पुस्तकाची वेगळी वही. आणि आपल्यात बुद्धीच कमी, ही पक्की समजूत.

"यातलं काय सोडून देता येईल?" मी विचारलं.

"काहीच नाही. गाईड म्हणाले, 'हे काहून नाही घेतलं?' तर?"

तिची खरी अडचण मला इथे सापडली. आराखडा करायचा म्हणजे काही टिपणं बाहेर ठेवायची, आणि त्यासाठी स्वतःचं मत लागतं. तिला भीती त्या मताची होती.

पुढच्या भेटीत वह्या बॅगेतच ठेवायला लावल्या. "आजीला या मिलबद्दल काय सांगशील?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मजूर रोज कामावर येत नव्हते. मालकानं दंड नाही केला. 1886 मध्ये पेन्शन फंड काढला, 1895 पासून अपघाताची भरपाई सुरू केली. त्यात दया होती, पण मजूर टिकावेत हा हिशोबही होता." आणि एकदम थांबली. "मॅडम, हेच तर माझं म्हणणं आहे नं!"

तिची वाक्यं मी कागदांवर उतरवून घेतली होती. तेच तिचे मथळे झाले. उत्तर माणसाच्या आतच असतं, ही मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची धारणा मी मनापासून मानते. त्या दुपारी ती पुन्हा खरी ठरली, याचं समाधान मोठं होतं.

तुम्हीही आधी वह्या मिटा आणि कुणाला तरी विषय तोंडी सांगा. मथळा 'कामगार कल्याण' असा दोन शब्दांत नको. 'फंडामुळे मजूर टिकले' असं पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे त्याला पुरावा कुठला लागेल ते लगेच कळतं. मग वह्या उघडा. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा आणि पुस्तकाचा पान क्रमांक. चिठ्ठी त्या त्या वाक्याखाली ठेवा. एखाद्या वाक्याखाली काहीच आलं नाही, तर नवं वाचन फक्त तेवढ्यासाठी करा. कुठेच न बसणाऱ्या चिठ्ठ्या फाडू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. तिच्या पाकिटात जवळजवळ एक अख्खी वही गेली, आणि गाईडनी त्यातलं काहीच मागितलं नाही.