सगळे इंजिन माउंट एकदम बदलू नकोस

गाडी जोरात सोडली की पुढची चाकं थयथयाट करतात म्हणून तू चारही माउंट, म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारे आधार, रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे घ्यायला निघालास. थांब जरा. आडव्या (गाडीच्या रुंदीत बसवलेल्या) इंजिनाच्या गाडीत इंजिनाचा मागेपुढे हेलकावा मुख्यतः खालचा टॉर्क माउंट आवरतो. आधी तेवढाच बदल, तोही साधारण 70 ते 75 शोअर ए (रबरासारख्या मालाचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचा. त्याहून कडक घेतलास तर एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावर आरसा असा थरथरेल की मागची गाडी ओळखू येणार नाही. मी ते भोगलंय, महिन्याभरात काढून टाकला!

कंट्रोल आर्मचे (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरी नळकांडी, मात्र रबराचेच नवे टाकले तरी स्टिअरिंगमध्ये फरक जाणवतो. पण एक चूक हमखास होते: गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले जातात. मग गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असताना, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने). पॉली (पॉलियुरेथेनच्या) बुशला सिलिकॉन ग्रीस हवंच, नाहीतर कुरकुर सुरू.