फक्त गेमसाठी एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स३डी प्रोसेसर घ्यावा की रायझन ७ ७८००एक्स३डी पुरेसा आहे?

केवळ गेम खेळण्यासाठी संगणक बांधत असाल, तर ७८००एक्स३डी पुरेसा आहे आणि महागड्या ७९५०एक्स३डीवरील जास्तीचा खर्च माझ्या मते वाया जाईल. ७९५०एक्स३डीमध्ये १६ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गणन-भाग) असले, तरी ते आठ-आठच्या दोन चिपलेटमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या चिपमध्ये) विभागलेले आहेत आणि गेमना खरा वेग देणारी ६४ एमबीची अतिरिक्त कॅश (प्रोसेसरमधील अतिजलद मेमरी) त्यांपैकी एकाच चिपलेटवर बसवलेली आहे. त्यामुळे गेम त्याच आठ कोअरवर चालवण्यासाठी विंडोज आणि चिपसेट ड्रायव्हर या सॉफ्टवेअरला दुसरे चिपलेट बाजूला ठेवावे लागते, आणि ही व्यवस्था चुकली तर महाग प्रोसेसर स्वस्तापेक्षा मागेही पडू शकतो. ७८००एक्स३डीमध्ये एकच चिपलेट व ९६ एमबी एल३ (तिसऱ्या स्तराची) कॅश असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. २०२३ मध्ये बाजारात येताना ७९५०एक्स३डीची किंमत ६९९, तर ७८००एक्स३डीची ४४९ डॉलर होती; हा फरक ग्राफिक्स कार्डावर खर्च केल्यास, विशेषतः ४के रिझोल्यूशनवर, अधिक उपयोग होईल. मात्र त्याच संगणकावर व्हिडिओ एन्कोडिंग, त्रिमितीय रेंडरिंग किंवा मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांचे कंपायलिंग (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणे) नियमित करणार असाल, तर सोळाही कोअर कामाला लागतात आणि तेथे ७९५०एक्स३डीची किंमत वसूल होते.